फुलदाणीतला प्याला

१

आईच्या रविवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात आयांना फुलं द्यायच्या दिवशी, सकाळी डॉरिस लिंगवुडने चर्चमधलं फुलांचं कपाट उघडलं, मोठी पितळी फुलदाणी बाहेर ओढली, पाणी ओतायला झारी कलती केली, आणि अशी बोंब ठोकली की घंटा वाजवणाऱ्यांचे दोर हातातच राहिले.

दाराशी बसून प्रिमरोझच्या फुलांच्या जुड्या टोपलीत लावणाऱ्या हेस्टर गेडनी सगळं टाकून धावल्या. चौसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, पण मार्ल्सवर्थच्या शाळेत सारा जन्म हेडबाई म्हणून काढल्यावर किंकाळी ऐकली की पाय आपोआप उचलतात.

"बाई, बघा तरी काय आहे हे!" डॉरिस फुलदाणीत बोट दाखवत होती. "कसं बाळासारखं गुंडाळलंय मेल्यानं!"

तळाशी पांढऱ्या फ्लॅनेलच्या फडक्यात, चारी टोकं नीट आत खोचून, प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला ठेवलेला होता. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात तिजोरीतून गेलेला, सगळ्या गावाची झोप उडवणारा प्याला.

तो सापडला याचा आनंद व्हायला हवा होता. व्हिकर पायर्स ॲटवुड यांना झालाही. मार्ल्सवर्थच्या पाद्रीपदावर येऊन त्यांना सहाच महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्यांनी चर्चमध्ये स्वयंपाकघर आणि संडास बांधायचा घाट घातला होता. त्यासाठी हा तीनशे वर्षांचा प्याला एका संग्रहालयाला विकायचा, आणि उत्तरेच्या भिंतीलगत चर खणून नळ टाकायचे, असं सभेत ठरलं होतं. प्याला गेला आणि सगळंच अडलं.

"देवाची कृपा!" व्हिकर म्हणाले. "ठेकेदार पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाणार होता. आत्ता फोन केला तर उद्या सकाळी त्याचं खोदायचं यंत्र येईल. आणि हो, पोलिसांनाही उद्याच बोलावतो. प्याला सापडला तरी चोर सापडायला हवा."

मेजर हॅवर्गल काठी आपटत आले. "चोर शोधायला पोलीस कशाला? फुलदाण्या उचलतो कोण? डेनिस. तरुणपणी चर्चच्या छपराचं शिसं चोरून तुरुंगात गेला कोण? डेनिस. लपवून ठेवला असेल, ईस्टरनंतर विकायला."

 डेनिस कटिंग गेली तीस वर्षं चर्चची देखभाल करत होता. झाडणं, गवत कापणं, दारं उघडणं, सगळं त्याचं. राहायला चर्चचंच घर. प्याला गेला तेव्हा तिजोरीची किल्ली ऑर्गनच्या बाकाखाली खिळ्याला टांगलेली असते हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. पण चर्चचा कारभार पाहणारी वॉर्डन म्हणून हेस्टरबाई कुणाच्या दारात गेल्या? डेनिसच्या. "चौकशी होईपर्यंत चाव्या माझ्याकडे असू देत," एवढंच म्हणाल्या. त्याने जुडगा त्यांच्या तळहातावर ठेवला होता.

आता पोलीस आले की त्याचं घर जाणार आणि नावही जाणार.

"व्हिकर," हेस्टरबाई म्हणाल्या, "पोलीस उद्या येतीलच. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत मला वेळ द्या. चोर मी शोधते."

२

सकाळची उपासना आटोपली. पोरांनी आयांना आणि बाकीच्या बायांनाही जुड्या वाटल्या. आया नाकाला फुलं लावून घरोघर गेल्या. हेस्टरबाईंनी मेजरांना मागच्या बाकावर बसवलं.

"खरं सांगा मेजर, तुमच्याच घराण्याने दिलेला प्याला. विकायला तुमचा विरोध होता."

"होता नाही, आहे! माझ्या खापरपणजोबांनी येशूच्या रक्तासाठी दिलेलं भांडं विकून ह्यांना संडास बांधायचाय!" मेजरांच्या मिशा थरथरल्या. "चोरी मीच करायला हवी होती, बाई. सुचलं नाही, हे माझं दुर्दैव."

"मग डेनिसवर का आळ घेता?"

"कुणीतरी केलीच आहे ना? आणि मी केली असती तर त्या फुलदाणीत ठेवला असता का? अहो, आईच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायचा मान माझा. ती फुलदाणी बरोब्बर माझ्या नाकासमोर असते. दरवर्षी शिंका देत वाचतो मी." उठता उठता ते थांबले. "आणि उत्तरेला खणायचं हेही मला पसंत नाही. तिथे थडगी नाहीत म्हणतात. दगड नाहीत एवढंच खरं. जीव दिलेले लोक आणि बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं पूर्वी तिकडेच पुरायचे, गुपचूप. मेलेल्यांना तरी झोपू द्यावं."

सभेतही कुणीतरी उत्तरेच्या चराबद्दल विचारलं होतं, हेस्टरबाईंना पुसट आठवलं. कोण ते मात्र आठवेना.

डॉरिस बाहेर देठांचा कचरा गोळा करत होती. तिच्या डोळ्यांना अजून धार होती.

"कपाट माझं, म्हणून लोक माझ्याकडेच बघणार आता!"

"रडू नकोस. कपाट शेवटचं कधी उघडलं होतंस?"

"राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागतो, त्याच्या आदल्या दिवशी. उपवासकाळात चर्चमध्ये फूल नाही, पान नाही, मग कपाट कोण उघडतंय? आजचा एक दिवस तेवढी सूट. सकाळी फुलदाण्या काढायच्या, संध्याकाळची प्रार्थना झाली की रिकाम्या करून परत आत. मग थेट ईस्टर." डॉरिसने नाक पुसलं. "दरवर्षी डेनिस उचलून देतो. तुम्ही त्याच्या चाव्या काढून घेतल्यात, आज तो आलाच नाही. मग ओढली मीच, कंबर मोडून."

'तुम्ही काढून घेतल्यात' हे तिने सहजच म्हटलं होतं. हेस्टरबाईंना ते लागायचं तिथे लागलं.

३

डेनिस घरामागे लाकडं फोडत होता. बाईंना पाहून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. शाळेत त्या त्याला शिकवायला होत्या, तेव्हापासूनची सवय.

"सापडला म्हणे, बाई."

"फुलदाणीत सापडला, डेनिस."

तो हसला. त्यात आनंद काही नव्हता. "मोठ्या फुलदाणीत? मग तर माझंच नाव घेतील. पण एक विचार करा. आज फुलदाणी निघणार, आणि ती मीच उचलून डॉरिसबाईंच्या हातात देणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तिथे प्याला ठेवायला मी चोर असून भागणार नाही, मूर्खही असावं लागेल."

"तू चोर आहेस असं मी म्हटलं नव्हतं."

"नव्हतं म्हटलं. चाव्या मागितल्यात." त्याने पुढचं लाकूड ठोकळ्यावर उभं केलं. "चहा घ्याल का?"

हेस्टरबाईंना नको होता. खरं म्हणजे हवा होता, पण त्याच्या बायकोसमोर बसायचं त्यांना धाडस होईना.

वाटेत त्या शाळेतल्यासारखा हिशेब मांडू लागल्या. बाहेरचा चोर प्याला चर्चमध्येच कशाला ठेवेल? ज्याने ठेवला त्याला तो न्यायचा नव्हताच. लपवायचा होता, आणि तोही काही काळापुरता. ईस्टरला कपाट उघडलं की तो आपोआप सापडावा, अशी सोय होती ती. म्हणजे ठेवणाऱ्याला उपवासकाळाची रीत तोंडपाठ होती. हा माणूस चर्चचाच.

पण मग आजचा दिवस त्याला का ठाऊक नसावा? मेजरांना ठाऊक, डॉरिसला ठाऊक, डेनिसला ठाऊक. ठाऊक नसेल असा एकच माणूस होता, आणि तो गेल्या शरदात गावात आला होता.

व्हिकर टेलिफोनपाशीच सापडले. हेस्टरबाईंनी आडवळण घेतलं नाही. व्हिकर आधी लाल झाले, मग हसत सुटले.

"मी? मिस गेडनी, त्या प्याल्यावर माझं स्वयंपाकघर उभं राहायचंय! आणि इथली रीत मला ठाऊक नव्हती हे खरं, पण गेल्या मंगळवारी मीच डॉरिसना म्हणालो, आईच्या रविवारी सगळ्या फुलदाण्या काढा, वेदी कशी भरून जाऊ दे. विचारा त्यांना."

म्हणजे तेही नाहीत. हेस्टरबाई चर्चच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. उपवासकाळ पाळणारा, पण आईचा रविवार कधीच न पाहिलेला. असा माणूस मार्ल्सवर्थमध्ये असेल तरी कसा?

४

दारामागे टोपली तशीच पडली होती. तळाशी प्रिमरोझची एक जुडी.

"एक उरली वाटतं," हेस्टरबाई म्हणाल्या.

"दरवर्षीच उरते की," डॉरिस झाडू आपटत म्हणाली. "म्युरिएलची. दरवर्षी तुम्हीच नेता ती घरी, चहाच्या टेबलावर ठेवायला."

म्युरिएल थर्टल. हेस्टरबाईंची बाळपणीची मैत्रीण. लग्न केलं नाही, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. दर शुक्रवारी चर्चची चांदी पुसायला येते. प्याला जागेवर नाही हे पहिल्यांदा सांगितलं तेही तिनेच. चुकूनही उपासना चुकवत नाही, फक्त आईच्या रविवारी ती लोस्टॉफ्टला बहिणीकडे जाते. चाळीस वर्षांत एकदाही हे चुकलेलं नाही.

शुक्रवारी येणाऱ्याला रविवारी सकाळी निघून संध्याकाळी आत जाणाऱ्या फुलदाण्या दिसणार कुठून?

"आजही गेली असेल लोस्टॉफ्टला," हेस्टरबाई स्वतःशीच म्हणाल्या.

डॉरिसचा झाडू थांबला. "कुणाकडे? अहो बाई, तिची बहीण जाऊन तीन वर्षं झाली! शवपेटीवरची फुलं मीच नव्हती का केली? तुम्ही होतात की माझ्या शेजारी!"

होत्या. त्या दिवशी त्यांनी म्युरिएलचा हात धरला होता. आणि पुढच्या आईच्या रविवारी 'ती बहिणीकडे गेलीय' म्हणून जुडी घरी नेली होती. दुसऱ्या वर्षीही नेली, तिसऱ्याही. आता म्युरिएल जाते तरी कुठे, हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नाही. मैत्रीण म्हणे!

आणि मग सभेतला तो आवाज आठवला. सगळे हात वर झाल्यावर म्युरिएल हळूच म्हणाली होती, "चर दक्षिणेकडून नाही का नेता येणार?" व्हिकर म्हणाले होते, खर्च वाढेल. ती खाली बसली होती.

हेस्टरबाईंनी टोपलीतली जुडी उचलली. त्यांना उत्तर सापडलं होतं. सापडलं नसतं तर बरं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

५

म्युरिएलच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. ती स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती.

"घरीच आहेस?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"कुठे जाऊ? बस." तिने खुर्ची सरकवली.

"प्याला सापडला, म्युरिएल. फुलदाणीत."

"ईस्टरच्या आधीच? कपाट कुणी उघडलं?"

"आजच्या दिवशी उघडतात. सकाळी फुलदाण्या काढतात, संध्याकाळी आत ठेवतात."

"उपवासकाळात?" म्युरिएल त्यांच्याकडे बघत राहिली. "मला कुणी सांगितलंच नाही गं."

 चुलीवरची किटली उकळून उकळून थकली.

"एकावन्न साली," म्युरिएल म्हणाली. "तू कॉलेजात होतीस. मी एकोणीस वर्षांची. मुलाचा बाप कोण ते विचारू नकोस, तो कधीच मेला. इथेच, वरच्या खोलीत झाला. पाऊण तास होता. एवढंसं तोंड, पण रडला चांगला."

"आणि माझे वडील..." हेस्टरबाईंनी विचारलं. त्यांचे वडील तेव्हा मार्ल्सवर्थचे व्हिकर होते. अख्खा गाव त्यांना देवमाणूस म्हणायचा.

"आले होते ना. वाईट एक शब्द बोलले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा प्रार्थना म्हणता यायची नाही, पुस्तकात तसंच आहे. माझ्या वडिलांनी फ्लॅनेलमध्ये गुंडाळला आणि उत्तरेच्या भिंतीकडे पुरून आले. कुठे ते मला सांगितलं नाही. म्हणाले, विसर आता. ते गेले, जागाही त्यांच्याबरोबर गेली."

"मला का नाही सांगितलंस? एवढी वर्षं!"

"सांगणार होते. बारा वर्षांनी एकदा अगदी ओठांवर आलं होतं. मी मागे चांदी पुसत होते, तू पुढे मुलांना शिकवत होतीस. तू म्हणालीस, मुलांनो, जीव जात असेल आणि पाद्री जवळ नसेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. दाई देऊ शकते, शेजारीण देऊ शकते, आई देऊ शकते. नुसतं पाणी लागतं." म्युरिएलने टेबलावरचा पेला दोन्ही हातांत धरला. "पाणी माझ्या उशाशी होतं, हेस्टर. पेलाभर. पाऊण तास होतं."

हेस्टरबाईंना आठवत होता तो धडा. दरवर्षी शिकवायच्या. मुलांना आवडायचा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"पोरावर यंत्र चालणार होतं," म्युरिएल म्हणाली. "कुठे आहे ते ठाऊक असतं तर तेवढी जागा सोडा म्हटलं असतं. ठाऊकच नाही, मग अख्खी भिंतच वाचवायची होती. ठेकेदार जाईपर्यंत प्याला दिसू नये, ईस्टरला मिळावा. एवढंच होतं मनात. डेनिसच्या गळ्याशी येईल असं स्वप्नातही नव्हतं."

"चाव्या मी घेतल्या त्याच्याकडून. तो दोष माझा."

"तोंड मी बंद ठेवलं. रोज उठून ठरवायचे, आज सांगते."

"म्युरिएल, तुझं नाव न घेता मी सांगू शकते. म्हणेन, चोर कळलाय, डेनिस नाही, पुढे विचारू नका."

"तू नाव घेतलं नाहीस तर गाव डेनिसचंच घेईल. तुला गाव ठाऊक नाही का?" ती उठली आणि खुंटीवरचा कोट काढला. "किती वाजता आहे प्रार्थना?"

६

सायंप्रार्थनेला नेहमी मूठभर माणसं असतात. त्या दिवशी बाक भरले होते, कारण चोर कोण ते ऐकायचं होतं. डेनिस आणि त्याची बायको शेवटच्या बाकावर होती, शेजारची जागा रिकामी. म्युरिएल आत आली तेव्हा माना वळल्या. आईच्या रविवारी तिला कुणी चर्चमध्ये पाहिलंच नव्हतं.

आठवड्याच्या सूचना वाचून झाल्यावर ती आपल्या जागी उभी राहिली.

"प्याला मी लपवला होता," ती म्हणाली. "डेनिसने नाही. उत्तरेच्या भिंतीपाशी माझा मुलगा पुरलेला आहे. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तिथे खणायला नको होतं मला. डेनिस, तुझी माफी मागते." आणि खाली बसली.

 मेजरांनी रुमाल काढून तोंड लपवलं. व्हिकर हातातला कागद घडी करत राहिले, आणि मग म्हणाले, "उद्याचं खोदकाम होणार नाही. पोलीसही येणार नाहीत." 

बाहेर पडताना हेस्टरबाईंनी डेनिससमोर जुडगा धरला. "चुकले मी, डेनिस. या तुझ्या."

त्याने चाव्यांकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. "चाव्या परत घेता येतील, बाई. तीन रविवार माझ्या बायकोशेजारी कुणी बसलं नाही, ते कसं परत घेऊ? असू द्या तुमच्याकडेच."

 हेस्टरबाईंनी जुडगा खिशात टाकला, आणि तो फार जड लागला.

उत्तरेला अजून उजेड होता. व्हिकर पुस्तक घेऊन भिंतीपाशी उभे होते, पण त्यांनी ते उघडलं नव्हतं.

"नाव काय होतं त्याचं?" त्यांनी म्युरिएलला विचारलं.

"बाप्तिस्माच नाही तर नाव कुठलं?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "ॲम्ब्रोज. मी मनात ठेवलं होतं. विचारलं नव्हतं कुणी."

व्हिकरनी त्या नावाने प्रार्थना म्हटली. जी बेचाळीस वर्षांपूर्वी म्हणायची होती, तीच. हेस्टरबाईंनी जुडी पुढे केली.

"ही तुझी, म्युरिएल. दरवर्षीची."

म्युरिएलने ती घेतली आणि भिंतीकडे बघत राहिली. "पण ठेवू कुठे?"

मग तिने दोरा सोडला. भिंतीच्या एका टोकापासून ती वाकून एकेक फूल ठेवत निघाली, पावला-पावलावर एक. जुडी ती केवढी, आणि भिंत केवढी! अर्ध्या वाटेवर फुलं संपली. रिकामा दोरा बोटाला गुंडाळत ती तिथेच उभी राहिली, आणि हेस्टरबाईंना काय करावं ते सुचेना.

मागे पावलं वाजली. डेनिस चर्चमधून मोठी पितळी फुलदाणी कवेत घेऊन येत होता, वेदीवरच्या सगळ्या फुलांसकट. त्याने ती म्युरिएलच्या पायाशी गवतात ठेवली.

"आज संध्याकाळी रिकामी करायचीच असते ही," तो म्हणाला, आणि उरलेल्या भिंतीसाठी पहिली ओंजळभर डॅफोडिलची फुलं तिच्या हातात दिली.